डू म्हणजे करणे

माझं इंग्रजी तीन इयत्तांचं. तळेगावला मामाकडे राहून मी इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलो, तेवढ्यात वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि मी लोणावळ्याला परत येऊन त्यांच्या शिलाई मशीनवर बसलो. पण तीन इयत्ता त्या काळी काही कमी नव्हत्या. आमच्या बाजारात इंग्रजी वाचता येणारे म्हणजे स्टेशनातले बाबू, पोस्टमास्तर आणि दवाखान्यातला कंपाउंडर. शिंप्यांत मी एकटा.

तळेगावला आम्हाला इंग्रजी शिकवायला एक उंच, काटकुळे मास्तर होते. ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, की इंग्रजी भाषा ही क्रियापदांवर उभी आहे, नामं काय, ती कुणालाही पाठ होतात. मग ते टेबलावर पट्टी आपटायचे आणि आम्ही ओरडायचो: गो म्हणजे जाणे, कम म्हणजे येणे, ईट म्हणजे खाणे, डू म्हणजे करणे. डूपाशी आले की मास्तर नेहमी थांबायचे. म्हणायचे, "हे सर्वांत सोपं. डू म्हणजे करणे. याला दुसरा अर्थ नाही. हे एक आलं की अर्धं इंग्रजी आलं." मास्तरांचा शब्द मी मनात असा पक्का शिवून टाकला होता, की पुढे मशीन चालवताना माझे पाय त्याच तालावर हलायचे.

दुकान माझ्या हातात आल्यावर मी पहिलं काम केलं ते पाटी रंगवून घेण्याचं. वर मराठीत 'कपडे शिवून मिळतील', खाली इंग्रजी अक्षरांत 'टेलर', आणि त्याखाली 'इंग्लिश स्पोकन'. वडिलांना ती दिसत नव्हती. त्यांनी पाटीवरून हात फिरवला आणि विचारलं, "शेवटचं काय लिहिलंय?"

"इथं इंग्रजी बोललं जातं."

"कोण बोलतं?"

"मी."

"कुणाशी?"

तोवर मी एकाही इंग्रजाशी बोललो नव्हतो. मास्तरही बोलले नव्हते, पण ते मला फार पुढे कळलं.

वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. बायको खंडाळ्याची. तिचे वडील एका साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होते आणि ती त्या बंगल्यामागच्या नोकरांच्या खोल्यांत वाढली होती. तिला मराठीसुद्धा जेमतेम वाचता यायचं, इंग्रजीचं एक अक्षर ओळखू येत नव्हतं. पण तोंडात इंग्रजी भरलेलं. कोंबडीला हाकलताना 'गो ऑन, गो ऑन', दारात कुणी आलं की 'कमिन'. मला ते ऐकवत नसे. ही पोपटपंची, असं माझं मत होतं. एकदा माझ्या हातून तिची बशी फुटली, तर ती म्हणाली, "नेव्हरमाइंड."

मी म्हटलं, "नेव्हरमाइंड म्हणजे काय, सांग बरं."

"जाऊ द्या."

"जाऊ द्या काय? अर्थ माहीत नसेल तर तसं सांग."

"तेच तर सांगतेय, जाऊ द्या."

मी हसलो आणि तिला ताकीद दिली, की गिऱ्हाईक दुकानात असताना इंग्रजी बोलायचं नाही, आपल्या पाटीची इज्जत जाते. माझी अम्मा आतून म्हणाली, "बशी कुणी फोडली ते मात्र खरं."

दुसरं महायुद्ध लागायच्या आधीची पाच-सहा वर्षं असतील. पावसाळा सरत आला होता. बाजारातून वर टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका बंगल्यात रेल्वेचा घाटातला नवा इंजिनिअर राहायला आला होता. तो, त्याची मडम आणि सात-आठ वर्षांची मुलगी. एके सकाळी त्यांचा माळी माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. बेडसे गावचा म्हातारा, खांद्यावर घोंगडी.

"मडमनं बोलावलंय तुमाला. आत्ताच चला म्हनली."

"कशाला?"

"मला काय म्हाईत. लय बोलली. त्यातलं टेलर तेवढं कळलं."

बायको त्याच आठवड्यात खंडाळ्याला गेली होती, तिच्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण होतं. ती घरी असती तर पुढचं काहीच झालं नसतं. मी टेप गळ्यात घातला, टोपी झटकली आणि वाटभर मनात वाक्यं जुळवत माळ्यामागून गेलो.

मडम व्हरांड्यात उभी होती. विलायतेहून येऊन तिला दोन महिनेही झाले नव्हते आणि इथल्या मडमा नोकरचाकरांशी जे मोडकं हिंदी बोलतात तेही तिला येत नव्हतं. मला बघून ती छान हसली आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग. हाउ डू यू डू?"

मी शब्द सोडवले. हाउ म्हणजे कसं. यू म्हणजे तुम्ही. डू तर दोनदा होतं, म्हणजे करण्यावर चांगला जोर होता. तुम्ही काम कसं करता, असं ती विचारत होती, आणि विचारणं रास्तच होतं. विलायतेचं कापड अनोळखी शिंप्याच्या हातात द्यायचं म्हणजे बाईमाणूस चौकशी करणारच. मी टेप काढून तिच्यासमोर धरला.

"मॅडम, फर्स्ट आय टेक मेजर. देन आय डू चॉक. देन आय कट. देन आय डू मशीन. लास्ट आय डू इस्त्री."

मडम टेपकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग म्हणाली, "हाउ इंटरेस्टिंग." मला वाटलं, झालं, नोकरीची मुलाखत पास.

काम होतं मुलीच्या झग्याचं. तिच्या शाळेत पंधरवड्यानं संध्याकाळी कसलासा समारंभ होता. मडमनं एका मासिकातलं चित्र दाखवलं, फिकट निळ्या रंगाचं मऊ कापड दिलं, आणि सगळं दोनदोनदा, हळूहळू सांगितलं. खाली एक झालर. बाह्या फुगीर. शेवटी आपल्या पाठीकडे हात नेत म्हणाली, "अँड इट मस्ट डू अप अ‍ॅट द बॅक."

हे मी खिशातल्या कागदावर लिहून घेतलं आणि दुकानात येऊन उलगडलं. मस्ट म्हणजे पाहिजेच. डू म्हणजे करणे, अप म्हणजे वर. बॅक म्हणजे पाठ. पाठीमागून वर केलेला पाहिजेच. मी चित्र पुन्हा पाहिलं. चित्रातली मुलगी समोर तोंड करून उभी होती, तिचं मागं काय होतं ते दिसत नव्हतं. विलायतेत मुलींचे झगे मागून आखूड घालायची पद्धत असेल, आपल्याला काय करायचंय, असं म्हणून मी कामाला लागलो. मागून वर करायचं ते शेवटी करू, असं ठरवलं.

चार दिवसांनी धावदोरा घातलेला झगा घेऊन मी बंगल्यावर गेलो. मुलीला ताप होता, त्यामुळे अंगावर घालून बघता आला नाही. मी तो दोन्ही हातांनी धरून दाखवला. खाली एक झालर होती, सांगितल्याप्रमाणे. मी बोट लावून विचारलं, "मॅडम, फ्रिल?"

मडमनं मान तिरकी करून पाहिलं. "येस. दॅट विल डू."

मी सलाम करून निघालो, पण चैन पडेना. दॅट विल डू. ते करील. कोण करील? इथं कर्ता मी सोडून दुसरा कोण असणार? मास्तरांनी सांगितलं होतं, की इंग्रज मोठा सभ्य माणूस, तो आज्ञा सरळ देत नाही, भविष्यकाळात देतो. म्हणजे 'ते कराल', अशी ही आज्ञा होती. पण काय कराल? मी झालरीला बोट लावून विचारलं होतं. तेव्हा झालर कराल. एक तर आहेच, तेव्हा आणखी एक.

अम्माला विचारलं. ती म्हणाली, "साहेबाच्या घरी कापडाला काय कमी? सांगितलंय तर लाव."

मी पहिलीच्या वर दुसरी झालर लावली. पुन्हा गेलो तेव्हा मडम आतल्या खोलीत टेबलाशी बसून पत्रं लिहीत होती. तिनं मान वर केली, दोन झालरी पाहिल्या, थोडी गोंधळली आणि म्हणाली, "ओह. वेल, आय सपोज दॅट विल डू."

मी उभाच राहिलो. आणखी काही सूचना असेल तर ऐकून घ्यावी म्हणून. तिनं लिहिता लिहिता वर पाहिलं. "दॅट विल डू, थँक यू."

मी म्हटलं, "येस मॅडम," आणि तिसरी मनात मोजून घेतली.

ती लेखणी खाली ठेवून म्हणाली, "येस, येस, दॅट विल डू." आणि मी तरीही हललो नाही तेव्हा हातानं दाराकडे दाखवत, जरा मोठ्यानं, "दॅट विल डू."

चार वेळा. मी बोटांवर मोजलं. घरी येताना माझ्या मनात मडमविषयी थोडी नाराजीही होती. एकदम चार सांगायचं सोडून एकेक करून काय सांगते? मग वाटलं, बिचारी विचार करत करत सांगत असेल. मुलगी एकुलती एक.

निळं कापड उरलं होतं ते दोन झालरींत संपलं. बाजार पालथा घालून तसल्याच रंगाचं कापड मिळवलं आणि आणखी दोन झालरी केल्या. पाचवी कमरेला आली. सहावीला जागाच उरली नाही, म्हणून ती गळ्याभोवती लावली. शेवटी झग्याचा मागचा घेर वीतभर वर घेऊन मुडपला आणि पक्का शिवला. काज-बटणं मी खांद्यावर दिली होती, कारण पाठीवर बटणं द्यायचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी झगा घेऊन गेलो. मुलगी बरी झाली होती. मडमनं तिला आत नेऊन झगा घातला आणि बाहेर आणलं. मी आजवर हजारो कपडे शिवले असतील, पण त्यातला तो झगा अजून डोळ्यांपुढे आहे. पोरीचे हात खाली येत नव्हते. हनुवटी झालरीत बुडालेली. पुढून झगा गुडघ्यापर्यंत आणि मागून थेट वर, त्यामुळे तिच्याकडे बाजूनं पाहिलं की शेपटी उचललेली कोंबडी चालल्यासारखं वाटे. माळी कुंडीला पाणी घालत होता, त्याचं पाणी कुंडीबाहेर पडू लागलं.

मडमनं मुलीला खांद्याला धरून एकदा गोल फिरवलं. मग सावकाश म्हणाली, "नो. धिस वोन्ट डू."

वोन्ट म्हणजे विल नॉट, हे मला तिसरीतच शिकवलेलं. करायचं नाही. आता काही करायचं नाही.

ती पुढे म्हणाली, "धिस वोन्ट डू अ‍ॅट ऑल."

अ‍ॅट ऑल म्हणजे मुळीच. मुळीच काही करायचं नाही. काम पूर्ण झालं होतं. माझ्या मानेवरचं ओझं उतरलं. मी वाकून सलाम केला, "थँक यू मॅडम, थँक यू," म्हटलं आणि मुलीकडे बघून हसलो. मडम मागून काहीतरी बोलत होती, टेलर, टेलर असं म्हणत व्हरांड्याच्या पायऱ्यांपर्यंत आली. कौतुक फार ऐकू नये, माणूस बिघडतो, म्हणून मी मागं न बघता चालत राहिलो. वाटेत हलवायाकडून पावशेर जिलेबी घेतली.

घरी आलो तर बायको खंडाळ्याहून आलेली. बहिणीला मुलगा झाला होता, मला मडम मिळाली होती, अम्मानं चहा टाकला. मी जिलेबीचा पुडा सोडला आणि पहिल्यापासून सगळी हकीकत सांगायला लागलो. 'हाउ डू यू डू'पाशी बायकोनं माझ्याकडे नीट पाहिलं. दुसऱ्या झालरीपाशी तिनं हातातली जिलेबी खाली ठेवली.

"परत सांगा. काय म्हणाली ती?"

"दॅट विल डू."

"आन् तुमी काय केलं?"

"आणखी एक झालर लावली."

"मग?"

"मग चार वेळा म्हणाली. म्हणून चार."

तिनं तोंडावर पदर धरला. मला वाटलं, कौतुकानं धरला. मी शेवटचं वाक्य सांगितलं, धिस वोन्ट डू अ‍ॅट ऑल.

"हे म्हणताना मडम हसत होती का?"

"नाही. गंभीर होती. इंग्रज लोक समाधान झालं की गंभीर होतात."

"अहो," ती म्हणाली, "दॅट विल डू म्हणजे बास. पुरे. माझा बाप साहेबाच्या ताटात भात वाढायचा, तवा साहेब म्हणायचा, दॅट विल डू. की बाप पळी मागं घ्यायचा. तुमी वाढायला असता तर साहेब भातात बुडून गेला असता."

मी म्हटलं, "हे कसं शक्य आहे? डू म्हणजे करणे. मास्तरांनी सांगितलंय."

"आसंल. पण हितं तो आर्थ न्हाई. आन् धिस वोन्ट डू म्हणजे, हे चालायचं न्हाई."

"त्यात चालणं कुठं आलं? चालणे म्हणजे वॉक."

"आपण चालंल म्हणतो, तवा कोण चालतं?"

खरंच, कोण चालतं? जन्मभर 'चालेल, चालेल' म्हणत आलो, कुणाचे पाय बघितले नव्हते. अम्मानं चुलीपाशी बसूनच विचारलं, "म्हणजे झगा नापास?"

तेवढ्यात दारात माळी उभा राहिला. काखेत कागदात गुंडाळलेला मोठा पुडा. सहा झालरींचा झगा काही लहानशा पुड्यात मावणारा नव्हता.

"मडमनं दिलंय. उद्या सकाळी या म्हनली. टेलर, टेलर आसं चारदा म्हनली, आन् कपाळाला हात लावला. त्यो मला कळला."

त्याला अम्मानं जिलेबी दिली. तो निवांत बसून खात होता आणि मी पुड्याकडे बघत होतो. मला त्या क्षणी कशाचं दुःख जास्त झालं ते सांगतो. काम बिघडलं याचं नाही, कारण बिघडलेलं काम सुधारता येतं. जिला मी दुकानात इंग्रजी बोलायची बंदी केली होती तिच्यासमोर बिघडलं, याचं. ती मात्र पुडा सोडून झालरी चाचपत होती. म्हणाली, "टाके काय सुरेख घातलेत. उसवायला रडवणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बंगल्यावर गेलो. मी मशीनच्या मुंडक्याला हातानं फिरवायची मूठ लावून ते माळ्याच्या डोक्यावर देऊन आणलं होतं आणि हातात कोळशाची इस्त्री. बायको पुढं झाली. तिच्या इंग्रजीत क्रियापदांची रूपं नव्हती, काळ नव्हता, काही नव्हतं. ती म्हणाली, "सॉरी मॅडम. माय हजबंड बुक इंग्लिश. यू से दॅट विल डू, ही थिंक डू मोर. वन मोर. वन मोर. वन मोर."

मडमला पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, ओठ दाबून धरले, आणि शेवटी वेताच्या खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. हसून झाल्यावर उठली, माझ्याजवळ आली आणि माझी माफी मागितली. ती काय म्हणाली ते सगळं कळलं नाही, पण 'माय फॉल्ट' दोनदा म्हणाली. माझ्याच चुकीबद्दल दुसऱ्यानं माफी मागावी असा प्रसंग माझ्यावर तोवर आला नव्हता. मी पुन्हा थँक यू म्हटलं.

मग दुपारी दोन वाजेपर्यंत व्हरांड्यात बसून आम्ही उसवत होतो. मुलगी जवळ बसून सुटलेल्या झालरी गोळा करत होती. एक तिनं डोक्याला बांधली, एक कुत्र्याच्या गळ्यात, आणि एक माळ्याला देऊ लागली तर तो लाजून कुंड्यांकडे गेला. मागचा घेर मी मुडपला होता, कापला नव्हता, एवढी त्यात अल्लाची मेहरबानी. तो सोडून इस्त्री केली. बायकोनं मडमला विचारलं, "डू अप, मॅडम? बटन?" मडम म्हणाली, "येस, बटन्स." बायकोनं माझ्याकडे वळून पाठीवर दोन बोटांनी काज-बटण लावल्यासारखं करून दाखवलं. म्हणजे डू अप हे बटण लावणं होतं. झग्याची पाठ उभी कापून काजं केली, सात बटणं लावली.

तीनच्या सुमाराला मुलगी एका झालरीच्या झग्यात उभी राहिली. तो चित्रातल्यासारखा दिसत होता. मडम तिच्याभोवती फिरली आणि म्हणाली, "दॅट विल डू..." आणि एकदम माझ्याकडे बघून घाईघाईनं, "इनफ. फिनिश. नो मोर."

परतीच्या वाटेवर मी इस्त्री या हातातून त्या हातात घेत चाललो होतो. बाजाराच्या तोंडाशी आल्यावर बायको म्हणाली, "नेव्हरमाइंड."

या वेळी मी अर्थ विचारला नाही.

त्यानंतर आमच्या दुकानाची व्यवस्था बदलली. मडमनं आपल्या ओळखीच्या आणखी दोन बायकांना आमच्याकडे पाठवलं. मापं घ्यायला आणि बोलायला बायको जाऊ लागली, कापायला आणि शिवायला मी. पाटी तशीच राहिली, कारण ती आता खरी झाली होती. मी एक वही केली आणि तिच्या तोंडून निघेल ते डू त्यात लिहू लागलो. केस विंचरणं तेही डू. खोली झाडणं तेही डू. 'आय कुड डू विथ अ कप ऑफ टी' म्हणजे आता चहा मिळाला तर बरं, हे तिनं मला सांगितलं त्या दिवशी मी वही मिटून चहाच करायला लावला. एखाद्याची फसवणूक झाली तर तेही डू, आणि माणूस संपला, बुडाला, तर तोही डन. वहीची चार पानं भरली तरी हे क्रियापद आटोपेना.

एकदा तळेगावचे मास्तर कोट शिवायला आले. आता निवृत्त झाले होते, केस पांढरे, पण बसणं तसंच ताठ. मी त्यांना झालरींची गोष्ट सांगितली. माझी समजूत होती की ते हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, माझ्याच बिलाच्या कागदावर 'दॅट विल डू' लिहिलं आणि पुष्कळ वेळ त्याकडे बघत बसले.

"हे व्याकरणात बसत नाही," ते म्हणाले. "डू सकर्मक आहे. दॅट हा कर्ता. विल डू हे क्रियापद. मग कर्म कुठं आहे?"

पडद्याआडून बायको म्हणाली, "कर्म आमच्या यजमानांनी भोगलं की मास्तर. पाच झालरी उसवल्या."

मास्तर आधी दचकले, मग त्यांच्या चेहऱ्यावर कधी न पाहिलेलं हसू आलं. जाताना हळूच मला म्हणाले, "तीस वर्षं शिकवलं. इंग्रज समोर असा कधी आलाच नाही. शाळा तपासणारे इन्स्पेक्टरसुद्धा पुण्याचेच असायचे." मग कोटाचं माप पुन्हा घ्यायला लावलं, कारण पहिल्या वेळी ते छाती फुगवून उभे राहिले होते. कोट न्यायला आले तेव्हा माझी वही दोन दिवसांसाठी मागून नेली. परत दिली त्यात त्यांच्या सुबक अक्षरात एके ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलेलं होतं.

युद्ध सुरू झालं आणि पुढच्या वर्षी इंजिनिअरची बदली झाली. निघायच्या दिवशी मडम टांगा थांबवून दुकानात आली. तोवर ती एकदाही दुकानात आली नव्हती, आम्हीच जायचो. ती गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली, अम्माच्या हातचा चहा प्यायली. गेलं वर्षभर ती मराठी शिकत होती, माळ्याकडून आणि एका पुस्तकातून. एका शब्दानं तिला फार छळलं होतं, ते तिनं बायकोला सांगितलं. लागणे. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, दार लागतं, घाट लागतो, झोप लागते, नोकरी लागते. पुस्तकात एक अर्थ आणि माळी रोज नवा सांगतो. बायको म्हणाली, "व्हय मॅडम, हाय खरं तसं." तिनं या शब्दाचा तोवर कधी विचारच केला नव्हता, आणि मीही नाही.

मुलगी आता बरीच उंच झाली होती. ती टांग्यातच बसून होती, तिनं हात हलवला. मडम उठली, बायकोचा हात हातात घेतला, आणि मनात जुळवून आणलेलं वाक्य सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं म्हणाली, "मला तुमची आठवण लागेल."

आम्ही दोघांनीही ते दुरुस्त केलं नाही. तिच्या प्रवासी कोटाचं एक बटण लोंबत होतं. बायकोनं सुई-दोरा घेऊन ते तिच्या अंगावरच घट्ट केलं, दातांनी दोरा तोडला, आणि टांगा स्टेशनाकडे गेला.